५६ सेंटीमीटर

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुपारी अमळनेरच्या घरी पंगत उठल्यावर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवण्यात आली आणि जुन्या गोधड्या, पितळी डबे व एका कडा कुरतडलेल्या पंचांगाखालून जिभाऊंची फेल्टची टोपी निघाली. जिभाऊ म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. काकूंनी टोपी पदराने पुसून माझ्या हाती दिली, मी ती डोक्यावर ठेवली, तर ती कपाळापर्यंत उतरायलाच तयार नव्हती. वरच्या वर अडकून राहिली. ओसरीवर पान लावत बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "जिभाऊंचं डोकं एवढंसंच होतं का रे?" सगळे हसले. काकू म्हणाल्या, "शोकेसमध्ये ठेव. घालायची थोडीच आहे?" खापरावरच्या पुरणपोळीने आणि आमरसाने जड झालेल्या त्या दुपारी विषय तेवढ्यावरच संपला, मला मात्र तो प्रश्न सोडेना. आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीतले जिभाऊ दारातून वाकून आत येतात, बैलगाडीचे जू एकटे उचलतात, आणि रागावले की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातात. अशा माणसाचे डोके माझ्यापेक्षा लहान असेल, हे पटत नव्हते. आणि नसेल, तर मग टोपीचे काय झाले, हेही कळत नव्हते.

जिभाऊ जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर होते, कापसाची प्रत ठरवणारे. खानदेशात कापसाच्या घरात वाढलेल्या माणसाला ग्रेडर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गाडीवाल्याचे वर्षाचे नशीब त्याच्या चिमटीत असे. ते कापूस कसा पाहत, हे मला लहानपणी त्यांच्या मांडीजवळ बसून पाहायला मिळाले. सरकीपासून सुटलेल्या रुईचा एक झुपका दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरायचा, मधोमध तोडायचा, एक अर्धा टाकून द्यायचा, उरलेल्याच्या टोकाचे तंतू ओढून एकावर एक ठेवत जायचे, आखूड तंतू झटकायचे, आणि पुन्हा ओढायचे. हे सगळे बोलता बोलता, नजर गाडीवाल्याच्या तोंडावर. शेवटी चिमटीत सरळ, समांतर तंतूंची एक छोटी पट्टी उरे, आणि ती पट्टी ते गडद रंगाच्या कशावर तरी ठेवून पाहत, कारण पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही. इतर ग्रेडर त्यासाठी काळ्या कापडाचा तुकडा बाळगत. जिभाऊ डोक्यावरची तपकिरी टोपी काढून तिच्या माथ्यावर तंतू ठेवत, क्षणभर पाहत, आणि "पाऊण" किंवा "सात अष्टमांश" असे काहीतरी पुटपुटून टोपी पुन्हा डोक्यावर चढवत. इंचाच्या आठव्या हिश्श्यांत बोलण्याची ती सवय त्यांना घरीही सुटली नव्हती. दुधाच्या पातेल्यातले दूधही ते अष्टमांशात सांगत.

त्या टोपीवरून त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले असणार. आमच्याकडे डोक्यावर पांढरी टोपी, फार तर रुमाल किंवा फेटा. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच, आणि त्यानंतरच्या काळात पूर्व खानदेशातल्या गावोगावच्या सभांचे जे जुने फोटो आपण पाहतो, त्यांत माणसे वेगळी ओळखू येत नाहीत, नुसत्या पांढऱ्या टोप्यांची रांग दिसते. त्या रांगेत रुंद काठाची, रिबिनीची, मुंबईहून आणलेली साहेबी टोपी घालून उभे राहायचे म्हणजे एक तर कातडी जाड हवी किंवा कामाचे निमित्त हवे. जिभाऊंकडे दोन्ही होते. सणावाराला, लग्नाला, मयतीला ते पांढरी टोपीच घालत. तपकिरी टोपी फक्त जिनात. तिच्याशी त्यांचे नाते शौकाचे कमी आणि अवजाराचे जास्त होते, असे मला आता वाटते. काकूंच्या "शोकेसमध्ये ठेव" या वाक्याने मी का चिडलो, तेही इथेच सापडते. विळा किंवा पाभर शोकेसमध्ये ठेवा, असे त्या म्हणाल्या नसत्या.

टोपीच्या आत घामाची चामडी पट्टी असते, तिच्या मागे एक चिटोरे चिकटलेले होते. दुकानाचे नाव पुसले गेले होते, माप मात्र वाचता येत होते: ६ ७/८. इंग्रजी पद्धतीत टोपीचे माप म्हणजे डोक्याचा घेर नव्हे, तर त्या घेराचे एखादे वर्तुळ केले तर त्याचा व्यास साधारण किती इंच येईल, तो आकडा. म्हणून माप एक अष्टमांशाने वाढले की घेर सुमारे एक सेंटीमीटरने वाढतो. ६ ७/८ म्हणजे ५६ सेंटीमीटर. मी शिंप्याच्या टेपने टोपीचा आतला घेर मोजला, तो ५५ भरला. मग भुवयांच्या थोडे वर टेप धरून स्वतःचे डोके मोजले.

डोके ५६ चे, टोपी उरली ५५ ची, आणि मी ५७ चा.

म्हणजे ओसरीवरच्या प्रश्नाचे उत्तर अर्धे हो आणि अर्धे नाही असे होते. जिभाऊंचे डोके माझ्याहून थोडे लहान होतेच, पण टोपीही आक्रसली होती. आणि ती का आक्रसली, हे समजायला त्या माळ्यावर मे महिन्यात पाच मिनिटे उभे राहिले तरी पुरे. जुने धाब्याचे घर होते तोवर ठीक. मातीच्या जाड धाब्याखाली उन्हाळ्यातही गारवा राही. पुढे त्यावर पत्रे आले, आणि ४४-४५ अंशांच्या दुपारी पत्र्याखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्या टोपीने इतके उन्हाळे काढले की चामडी पट्टी वाळून आखडली आणि तिने फेल्टलाही आपल्याबरोबर आत ओढले.

फेल्ट ही चीज विणलेली नसते, हे जिभाऊंसारख्या सुताच्या जगातल्या माणसाला गमतीचे वाटले असेल. तिला ना ताणा, ना बाणा. लोकरीच्या किंवा सशाच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि घासणे मिळाले की केस सरकतात, खवले एकमेकांत अडकतात, आणि एकदा अडकले की परत सुटत नाहीत. कापसाच्या तंतूला खवले नसतात, म्हणून कापूस कितीही भिजवा, तुडवा, उकळा, त्याचे फेल्ट होत नाही. साक्री भागातल्या ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्यांच्या अंगावर ओली लोकर गुंतून जे घट्ट गोळे होतात, ते मात्र फेल्टच्याच प्रकारातले. जिभाऊंची टोपी लोकरीची नव्हे, केसाळ फेल्टची. हाताला हलकी, आणि बोटाने दाबले तर मऊ वाटूनही आकार न सोडणारी. हा ताठपणा लाखेचा. फेल्टला कडकपणा आणण्यासाठी जुने टोपीवाले चपडी वापरत, आणि चपडी म्हणजे पळस-बोर-कुसुमावर वाढणाऱ्या किड्याची लाख, भारतातून जगभर जाणारी. तेव्हा त्या साहेबी टोपीचा ताठा बराचसा इथल्याच झाडांचा असण्याची शक्यता आहे, हे मला आवडले. न आवडणारी गोष्ट पाऱ्याची. सशाचे केस लवकर गुंतावेत म्हणून पूर्वी त्यांना पाऱ्याच्या क्षाराचे द्रावण लावत, त्या वाफांनी टोपीवाल्यांचे हात कापू लागत आणि डोकी फिरत. अमेरिकेतल्या कारखान्यांत हा प्रकार १९४१ च्या अखेरीस थांबला. त्याआधीच्या किंवा आसपासच्या केसाळ फेल्टमध्ये पाऱ्याचा अंश उरलेला असू शकतो. त्यामुळे ही टोपी झाडायची किंवा वाफेवर धरायची ती उघड्या अंगणात, तोंडाला मास्क लावून, पोरांना लांब ठेवून, आणि नंतर हात साबणाने धुऊन, असे मी ठरवले. यावर घरच्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली.

उन्हाळ्यात फक्त साफसफाई करायची आणि वाफेचे काम थंडीत, असा बेत होता. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, आधी मारायला हवी होती. काठाच्या खालच्या बाजूला तिने दोन-तीन ठिकाणी फेल्ट चरून काढले होते, आणि एका चरलेल्या जागेत अळीचे रिकामे कोशही होते. टोपी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवली की अंडी-अळ्या मरतात. आमच्या फ्रीझरमध्ये ती आमरसाच्या डब्यांशेजारी राहिली आणि पाहुण्यांपैकी ज्याने ज्याने बर्फासाठी ते दार उघडले, त्याला त्याला खुलासा द्यावा लागला. मग मऊ ब्रश, नेहमी एकाच दिशेने, लव बसेल तसा. रिबिनीच्या वरच्या बाजूला घामाचा आणि खोबरेल तेलाचा एक काळपट वळसा होता. त्यावर मुलतानी माती भुरभुरून रात्रभर ठेवली, सकाळी झटकली, पुन्हा भुरभुरली. ही माती तेल शोषते. लोकरीच्या कापडातला मेणचटपणा काढायला ती पूर्वापार वापरात आहे. वळसा फिका झाला, गेला नाही. चरलेल्या जागांसाठी टोपीच्या आतून, जिथे कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, बारीक पॉलिश पेपर फिरवून फेल्टचा भुसा काढला, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीच्या दोन थेंबांत तो कालवला आणि टाचणीच्या डोक्याने खड्ड्यांत बसवला. वाळल्यावर हलका घासला. उजेडात नीट पाहिले तर डाग कळतो, आणि तो कळला तरी माझी हरकत नाही.

ताण देण्यापूर्वी रिबिन काढावी लागते, कारण फेल्ट ताणले तरी रिबिन ताणत नाही आणि मध्येच गळपट्टा आवळल्यासारखे होते. तिचे टाके इतके लहान होते की भिंग घेऊन एकेक कापावा लागला. रिबिन उचलली तेव्हा खालचे फेल्ट मूळ रंगाचे निघाले, ओल्या काळ्या मातीला तपकिरी झाक असते तसे. बाकीची टोपी त्यामानाने किती विटली होती हे तेव्हाच कळले. आणि त्या गडद पट्ट्याच्या वरच्या कडेला, रिबिनीच्या टाक्यांत अडकून, कापसाचे तंतू होते. चार-दोन नव्हेत, कडेकडेने सगळीकडे, जिथे माथ्यावरून घसरलेली प्रत्येक चिमटी येऊन थांबली असेल तिथे. काही पिवळट पडलेले, काही अजून पांढरे. ब्रशचा एक हात फिरवला असता तर सगळे साफ झाले असते. मी ब्रश खाली ठेवला आणि चिमट्याने ते एका काचेच्या बाटलीत गोळा करत बसलो. थोडे मुद्दाम तिथेच राहू दिले.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्यावर त्यातली एक चिमटी घेऊन मी एका जिनात गेलो. आता लांबी, मजबुती, तलमपणा सगळे यंत्र सांगते. नमुना पाठवला की आकड्यांचा कागद येतो. तरीही तिथल्या एका म्हाताऱ्या माणसाने, जो आता फक्त काट्यावर बसतो, ते तंतू हातात घेतले, जिभाऊ ओढत तसेच ओढले, आणि काळ्या मोबाईलच्या काचेवर ठेवून म्हणाला, "देशी शे. हाऊ आत्तेना कापूस नही." मी पट्टी लावली. पाऊण इंचाहून थोडे जास्त, म्हणजे २० मिलिमीटरच्या आसपास. आताच्या बीटी संकरित वाणांचा धागा २८-३० मिलिमीटर असतो. जरीला, विरनार ही जुन्या खानदेशी वाणांची नावे त्याला आठवत होती. त्यांतला हा कोणता, हे सांगायचे त्याने टाळले, आणि हा त्याचा काटेकोरपणा मला जिभाऊंच्याच घराण्यातला वाटला. बाजूला उभा असलेला त्याचा नातू विचारत होता की मी हे टोपीतून का काढले.

साच्याचे काम सुताराकडे. टोपी ताणायचे म्हणून जे यंत्र मिळते त्याचे तत्त्व साधे आहे: लंबगोलाचे दोन अर्धे भाग आणि मध्ये त्यांना दूर सारणारा स्क्रू. स्क्रूऐवजी पाचर चालते. डोके गोल नसते, म्हणून पातेल्यावर टोपी ताणण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. बाजूंना सैल आणि कपाळाला घट्ट, अशी ती बसते. माझ्या डोक्याचा आकार तारेच्या वेटोळ्याने उतरवून मी कागदावर काढून दिला, लांबीला २० सेंटीमीटरला किंचित कमी, रुंदीला साडेसोळा. सुताराने कागद उलटसुलट करून पाहिला. "भाऊ, हाई कसाना साचा शे?" डोक्याचा म्हटल्यावर त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा कागदाकडे पाहिले, आणि बाभळीऐवजी आंब्याचे लाकूड घेऊ, हलके पडेल, एवढेच म्हणाला. चामडी पट्टी मात्र वाचणार नव्हती. ती ओली करून मऊ करायला घेतली तर बोटांखाली बिस्किटासारखी तुटत होती. नवे कातडे दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याला मिळाले. तापीकाठच्या त्या घोडेबाजारात खोगिरे, लगाम, झुलींची दुकाने लागतात, आणि खोगिराखाली घोड्याच्या पाठीला लागू नये म्हणून जो नमदा घालतात, तोही फेल्टच. दुकानदाराने अस्तराला लावतात ते मेंढीचे पातळ, मऊ कातडे पट्टीच्या मापाने कापून दिले आणि न विचारता एक गोष्ट सांगितली, की नमदा उन्हात वाळवला तर लाकूड होतो. सावलीत, वाऱ्यावर, आणि ज्या आकारात हवा त्याच आकारावर वाळवायचा.

मग एका थंड सकाळी अंगणात चुलीवर पाण्याचा गंज (पातेले) ठेवला. पाणी खळखळू लागल्यावर टोपी उलटी धरून आतून वाफ द्यायची, हात भाजेल इतकी नाही, फेल्ट बोटाखाली मऊ होईल इतकी. चपडी उष्णतेने मऊ पडते आणि ताठा उतरतो. वाफेबरोबर एक वास वर आला, ओल्या जनावराचा आणि त्याखाली कुठेतरी तंबाखू-चुन्याचा. मास्क लावलेला असूनही तो मला आला. तो वास मला लहानपणीचा वाटला, पण अशा वेळी नाक माणसाला हवे ते दाखवते हेही मला माहीत आहे. आकारात पहिला बदल झाला तो माथ्याचा. माथ्यावरची खोल घडी आणि पुढच्या दोन खळग्या (टोपीची चिमटी ती हीच), जिथे धरून जिभाऊ टोपी काढत आणि घालत, त्या वाफेने फुगून वर आल्या आणि टोपी काही वेळ बिनचेहऱ्याच्या घुमटासारखी दिसू लागली. मी घडीची खोली आणि खळग्यांचे अंतर आधीच मोजून, फोटो काढून ठेवले होते, तेव्हा आकार परत आणणे अवघड नव्हते. अडचण वेगळीच होती. डावीकडची खळगी उजवीकडच्यापेक्षा खोल होती, कारण उजव्या चिमटीत कापूस असे आणि टोपी डाव्या हाताने निघे. आणि त्या डाव्या खळगीच्या टोकाला फेल्ट झिजून इतके पातळ झाले होते की उजेडासमोर धरल्यावर पलीकडची बोटे दिसत. तिथेच पुन्हा चिमटी घेतली तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत भोक पडणार, हे स्पष्ट होते. म्हणजे टोपी ठेवायची तर चिमटी हलवायला हवी, आणि चिमटी जशीच्या तशी ठेवायची तर टोपी शोकेसमध्येच ठेवायला हवी.

मी चिमटी बोटभर मागे घेतली.

साच्यावर टोपी चढवली, पाचर हलक्या हाताने ठोकली, वाफ दिली, थांबलो, पुन्हा ठोकली. ५५ वरून ५६ वर ती मुकाट आली, कारण तो सेंटीमीटर तिचाच होता. त्यापुढचा सेंटीमीटर तिच्याकडून काढून घ्यावा लागला. ५६ ओलांडल्यावर काठ माथ्याला मिळतो तिथे लाटा उठू लागल्या, आणि ओले कापड ठेवून त्यावर इस्त्रीची नुसती टेकणी देत त्या बसवाव्या लागल्या. घाई केली तर तिथेच फाटते. दोन-तीन दिवस ती घराच्या सर्वांत गार खोलीत साच्यावरच वाळत राहिली. सकाळी उठल्यावर तिच्या काठावरून हात फिरवण्याची मला सवयच लागून गेली. नवी पट्टी मी हाताने शिवली, जुन्याच भोकांतून सुई घालत. रिबिन जुनीच लावायची होती, पण टोपी वाढल्यामुळे ती दोन सेंटीमीटर तोकडी पडली. जळगावच्या दुकानांत तसल्या रेघांच्या विणीची रिबिन मागितली की साडीचा फॉल आणि चमकदार सॅटिन पुढे येते. शेवटी जुनीच लावली आणि तोकडी फट फुलाच्या गाठीखाली घेतली. गाठ उचलून पाहिले तर मूळ गडद रंगाचा एक उभा पट्टा दिसतो.

टोपी आता मला बरोबर बसते. कपाळाला टेकते, वाऱ्याने उडत नाही, आणि ती घालून मी पौषातल्या पहाटे शेतावर गेलो तेव्हा कान सोडून सगळे उबदार होते. उन्हाळ्यात ती घालण्यात अर्थ नाही. खानदेशच्या उन्हाला पांढरा पंचाच बरा, हे जिभाऊंनाही माहीत असावे, कारण जिनांचा हंगाम हा मुळी थंडीचाच. काकूंनी ती पाहून "छान केलीस" म्हटले आणि लगेच, "पण त्यांची ती चिमटी इथे नव्हती, थोडी पुढे होती," असेही म्हटले. इतक्या वर्षांनी त्यांना बोटभराचा फरक कळला. मी पातळ झालेल्या फेल्टची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, मान्य केली असे वाटले नाही.

पुढच्या आठवड्यात चुलतभावाच्या मुलाला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सावकाराची भूमिका मिळाली आणि तो टोपी मागायला आला. त्याच्या डोक्यावर ती कानांपर्यंत खाली उतरली. टेप लावली तर पोरगा नेमका ५६ चा. त्याच्यासाठी ती पुन्हा आवळायची काही गरज नव्हती. सैल टोपीसाठी पट्टीच्या मागे वर्तमानपत्राची लांब घडी सरकवतात, पुढून आणि मागून सारखी, म्हणजे ती एका बाजूला कलत नाही. मी त्याला घडी कशी घालायची ते दाखवले, चिमटी कुठे धरायची ते दाखवले, आणि मोटारसायकलवर ती डोक्यात घालून जाऊ नये, हेल्मेट घालावे, असेही बजावले. गॅदरिंग होऊन गेले. टोपी अजून त्याच्याकडेच आहे, आणि काकूंना हे कळलेले नाही.